माघ संपता संपता गॅलरीत कोण येतं? नव्याने पक्षी बघणाऱ्या मुंबईकरांसाठी

दर वर्षी फेब्रुवारीत कधीतरी सकाळच्या चहाला सासूबाई हातातला कप तसाच धरून म्हणतात, "कोकिळा आली गं." पहिली काही वर्षं मीही तसंच म्हणायचे. मग एका डिसेंबरात कपडे वाळत घालताना शेजारच्या आवारातल्या भेर्ली माडाच्या घोसात एक काळा पक्षी गुपचूप फळं खाताना दिसला. लालबुंद डोळा, फिकट हिरवट चोच. कोकीळच होता तो. कुठून आला नव्हता, कुठे गेलाही नव्हता. थंडीभर आमच्याच गल्लीत गप्प बसून होता.

नव्याने पक्षी बघायला लागणाऱ्याला मी हे सगळ्यात आधी सांगते. थंड देशांतल्या पक्षीनिरीक्षणाचे व्हिडिओ बघून आपल्याला वाटतं, की वसंत आला म्हणजे दूरदेशीचे पक्षी बागेत उतरणार. मुंबईत चित्र वेगळं आहे. इथे दूरचे पाहुणे थंडीत येतात आणि वसंतात परत जायला निघतात. आणि इथलेच रहिवासी, जे चार महिने कुणाच्या नजरेत नव्हते, ते अचानक गायला लागतात, रंग बदलतात, भांडतात, काड्या गोळा करतात. म्हणजे या दिवसांत आपल्याकडे 'येतात' ते आधी आवाज. पक्षी त्या आवाजामागे शोधायचा असतो. हे एकदा मनात बसलं की गॅलरीत उभं राहून "काहीच नवीन येत नाही" अशी निराशा होत नाही.

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, पण वसंतपंचमी माघात येते. मुंबईचे पक्षी वसंतपंचमीच्या बाजूचे. तेव्हा गुढीपाडव्याची वाट बघू नका. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करा.

जागा एक, वेळ एक

बाग म्हणजे अंगण आणि हिरवळ असं समजू नका. मी मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर राहते. माझी बाग म्हणजे गॅलरीतल्या चौदा कुंड्या, खाली सोसायटीचा आंबा, शेवगा, दोन नारळ आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून एक म्हातारा पांगारा. चाळीच्या सज्जात किंवा बंद ग्रिलच्या खिडकीतही हे सगळं जमतं. फक्त समोर एक तरी झाड हवं.

घरातली अशी एकच जागा ठरवा जिथून ते झाड नीट दिसतं, आणि रोज तिथेच उभं राहा. वेळ सूर्योदयाच्या आसपासची. फेब्रुवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सातच्या जरा पुढे उगवतो, मार्चअखेर साडेसहाच्या सुमारास. म्हणजे तुमची वेळही दर आठवड्याला थोडी अलीकडे सरकवा. पंधरा मिनिटं पुरतात. पण ती रोजची हवीत. रविवारी दोन तास उभं राहण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं कितीतरी जास्त शिकवतात, कारण पक्षी ओळखायला लागण्याआधी तुम्हाला तुमच्या झाडाची रोजची वहिवाट कळायला लागते. ती कळली की वेगळं काही घडल्यावर लगेच ध्यानात येतं.

पहिले चार-पाच दिवस फोन आत ठेवा. फोटो नकोत, ॲप नको. नुसतं बघा.

पाणी ठेवा, दाणे नको

गॅलरीत पक्षी यावेत म्हणून लोक पहिल्यांदा तांदूळ किंवा गाठ्या टाकतात, आणि आठवड्याभरात कबुतरं घर ताब्यात घेतात. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ फुप्फुसांना घातक असते. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून शहरात एवढा वाद झाला तो याच कारणाने. शिवाय ज्या पक्ष्यांसाठी आपण हे करतोय, ते दाणे खातच नाहीत. दयाळ, शिंपी, नाचण किडे खातात. शिंजीर मध पितो आणि पिल्लांना किडे-कोळी भरवतो. बुलबुल आणि तांबटाला फळं लागतात.

पाणी मात्र सगळ्यांना लागतं, आणि फेब्रुवारी संपता संपता मुंबईत उघडं पाणी कमी होत जातं. मातीची पसरट थाळी घ्या, कुंडीखाली ठेवतात तशी. खोली दीड-दोन इंचांपेक्षा जास्त नको. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकून पाण्याच्या काठाशी येता येतं. काचेचं किंवा स्टीलचं भांडं नको. पाय घसरतात आणि दुपारी पाणी तापतं. थाळी सावलीत ठेवा. जवळ एखादी फांदी किंवा कुंडीतलं झुडूप असावं, कारण छोटे पक्षी थेट पाण्यावर उतरत नाहीत. आधी शेजारी बसून चारी बाजू निरखतात. पण झुडूप इतकंही दाट आणि चिकटून नको की मांजर त्यात दबा धरून बसेल.

पाणी रोज बदलायचं आणि एक दिवसाआड थाळी काथ्याने घासायची. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा लागतो, तेव्हा रोज ओतून टाकलेल्या पाण्यात तो वाढू शकत नाही. सोसायटीत कुणी आक्षेप घेतला तर हे सांगा आणि थाळी दाखवा. आमच्याकडे कमिटीच्या काकांनी पहिल्या वर्षी थाळी काढायला सांगितली होती. मी त्यांना सकाळी सव्वासातला चहाला बोलावलं. दयाळाची जोडी आंघोळ करताना त्यांनी पाहिली. आता त्यांच्या गॅलरीत दोन थाळ्या आहेत.

कुंड्यांबद्दल थोडक्यात. जास्वंद (एकेरी पाकळ्यांची, गावठी), एक्झोरा, हॅमेलिया ही तीन झाडं मुंबईच्या गॅलरीत जगतात आणि शिंजीर त्यांच्यावर येतो. मोठी जागा असेल तर शेवगा लावा, त्याच्या फुलांवर पक्ष्यांची झुंबड असते. कीटकनाशक मारू नका. आणि छताच्या कोपऱ्यातली कोळिष्टकं दिवाळीला काढा, पण जानेवारीपासून पावसापर्यंत राहू द्या. ती कशाला लागतात ते पुढे सांगते.

आधी कान तयार करा

नवा माणूस डोळ्यांनी सुरुवात करतो आणि पानांत हरवतो. तुम्ही कानांनी करा. मुंबईच्या गल्लीत फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐकू येणारे पाच-सहा आवाज ओळखता आले की निम्मं काम झालं.

पहिला तांबट. 'पुक्… पुक्… पुक्…' एकाच सुरात, एकाच लयीत, मिनिटाला शंभराच्या आगेमागे. तांब्याचं भांडं ठोकत बसलेल्या तांबटाची ती लय आहे आणि नाव त्यावरूनच पडलं. हा आवाज वर्षभर कधीही कानावर येतो, पण ऊन तापायला लागलं की थांबतच नाही. शोधायचा तर झाडाच्या शेंड्यावरची वाळकी, पानं नसलेली फांदी बघा. चिमणीपेक्षा थोराड, हिरवा पक्षी, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, डोळ्याभोवती पिवळं. ओरडताना तो डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवतो, त्यामुळे आवाज कुठून येतोय ते कळेनासं होतं. नव्या माणसाला हा पक्षी सापडायला दोन-तीन दिवस लागतात. धीर सोडू नका. एकदा सापडला की रोज त्याच फांदीवर दिसेल.

दुसरा दयाळ. काळा-पांढरा, शेपटी वर उचलून बसणारा. थंडीत तो झुडपांखाली 'चर्र' असा नुसता कुरकुरत असतो. फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये नर अचानक इमारतीच्या सगळ्यात उंच टोकावर, डिशच्या कडेवर किंवा पाण्याच्या टाकीवर बसून उजाडायच्या आधीपासून शीळ घालायला लागतो. रस्त्यावरचे दिवे असतात तिथे पहाटे साडेचारलाही ऐकलाय मी. त्याची शीळ बदलत राहते. एक तुकडा तीन-चार वेळा म्हणेल, मग दुसरा धरेल. मला विचाराल तर मुंबईचा खरा वसंत याच्या गळ्यात आहे. कोकिळाचा आवाज मोठा म्हणून सगळं श्रेय त्याला मिळतं.

कोकिळाबद्दल एवढंच, की 'कुहू' म्हणणारा नर असतो. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा घाईचा. सुरुवातीला नराचा सूर अर्धवट असतो, दोन-तीन 'कुहू' झाले की थांबतो. मार्चअखेर तो एकेक पट्टी चढवत जातो. तुमच्या वहीत 'पहिला अर्धवट' आणि 'पहिला पूर्ण' अशा दोन तारखा वेगळ्या लिहा.

शिंपी हा एवढासा पक्षी, पण 'टुविट-टुविट-टुविट' इतक्या जोरात करतो की मोठा पक्षी असेल असं वाटतं. आवाज माणसाच्या कमरेच्या उंचीवरून, झुडपातून येत असेल तर तोच. नाचण पंख्यासारखी शेपटी पसरून गोल गोल फिरतो आणि चढ-उतार करत एक छोटीशी धून वाजवतो. खंड्या एरवी नाल्याकाठी किंवा बागेत दिसतो. या दिवसांत तो सकाळी उंच जागी बसून लांबलचक, थरथरत्या आवाजात ओरडतो. निळा खंड्या टीव्हीच्या जुन्या अँटेनावर बसलेला दिसला तर चकित होऊ नका. आणि बोरिवली, मुलुंड, भांडुप, गोरेगाव अशा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहत असाल तर मार्च-एप्रिलपासून पावशाकडे कान ठेवा. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं आपल्याकडे ज्याच्या तोंडी घातलंय तो हाच.

आवाज ओळखायला मर्लिन नावाचं मोफत ॲप आहे, फोनपुढे धरलं की नाव सुचवतं. वापरा, पण दुसऱ्या आठवड्यापासून. आणि त्याने सुचवलेलं नाव पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय वहीत घालू नका. रिक्षाचा हॉर्न आणि प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांमध्ये त्याचाही गोंधळ होतो. एक गोष्ट मात्र कधीच करू नका. पक्षी जवळ यावा म्हणून त्याचाच आवाज स्पीकरवर वाजवू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसलाय. तो खाणं सोडून त्याला शोधत बसतो.

शिंजीर: एका पक्ष्यावर महिनाभर नजर ठेवा

पुष्कळ पक्षी एकदम शिकण्यापेक्षा एक पक्षी महिनाभर नीट बघावा, आणि गॅलरीवाल्यासाठी तो पक्षी शिंजीर आहे. अंगठ्याएवढा, बाकदार चोचीचा, फुलापाशी लटकून मध पिणारा.

मुंबईत दोन जाती नेहमी दिसतात. एकीचा नर पोटाला पिवळा, पाठीला तांबूस आणि कमरेवर जांभळी झाक असलेला. हा वर्षभर असाच. दुसरा जांभळा शिंजीर, आणि तो बघण्यासारखा. जानेवारीत हा नर मादीसारखाच मळकट पिवळा असतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ, शाईचा बोरू ओढल्यासारखी. मागच्या वर्षी मी एका नराला एक्झोराच्या कुंडीवर रोज बघत होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रेघ रुंद झाली. मग खांद्यावर एक डाग आला, डोक्यावर दुसरा. पंधरवड्यात तो असा दिसायला लागला जणू कुणी अर्धवट रंगवून सोडलाय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळच्या उन्हात तो कुंडीच्या काठावर आला तेव्हा पिवळा कुठेच नव्हता. सावलीत काळा, मान वळवली की निळा, ऊन अंगावर आलं की जांभळा. आपल्या डोळ्यांपुढे, चार फुटांवर घडणारा हा बदल. त्यासाठी भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात जावं लागत नाही.

याच दिवसांत नर खिडकीच्या काचेवर किंवा स्कूटरच्या आरशावर चोची मारताना दिसेल. प्रतिबिंबाला तो प्रतिस्पर्धी समजतो. दमून जाईपर्यंत हे चालतं, म्हणून काचेला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा आणि आरशावर कापडी पिशवी चढवा.

मादी घरटं बांधते. कोळिष्टकं लागतात ती इथे. कोळ्याच्या जाळ्यांनी ती सालीचे तुकडे, वाळकी पानं, अळ्यांची लेंडी असा सगळा कचरा एकत्र गुंफते आणि एक लोंबती थैली तयार करते, बाजूला दार आणि दारावर छोटंसं छप्पर. लांबून कचऱ्याचं लोंबतं जाळंच वाटतं, त्यातच त्याची सुरक्षितता. आमच्याकडे ते कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला बांधलं गेलं. पाच आठवडे आम्ही ती दोरी वापरली नाही, कपडे बेडरूममध्ये पंख्याखाली वाळवले.

समोरच्या झाडाला फुलं कधी येतात ते बघा

पक्षी झाडाच्या वेळापत्रकावर चालतात. पांगारा, काटेसावर, पळस ही तिन्ही झाडं पानं गाळून थंडीच्या शेवटी ते मार्चपर्यंत लाल-केशरी फुलतात. पानं नसल्यामुळे फांदीवरचा प्रत्येक पक्षी उघडा दिसतो. नव्या माणसाला शिकायला याहून सोपं झाड नाही. तुमच्या सोसायटीत नसेल तर जवळपास कुठे आहे ते शोधून ठेवा आणि रविवारची सकाळ तिथे घालवा.

या झाडांवर येणारी सगळ्यात मोठी टोळी भोरड्यांची. काहीजण त्यांना पळसमैना म्हणतात. गुलाबी अंग, काळं डोकं आणि पंख, आणि शेकड्यांनी एकत्र. या मध्य आशियाकडून ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच आपल्याकडे आलेल्या असतात, पण थंडीत त्यांचा रंग मळका असतो. मार्चमध्ये परत निघण्याआधी त्या गुलाबी होतात आणि पांगाऱ्याच्या फुलांत डोकं खुपसून कलकलाट करतात. एप्रिलमध्ये एका सकाळी झाड रिकामं असतं. ती तारीख लिहून ठेवा.

वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांची फळं पिकली की तांबट, बुलबुल, कोकीळ, हळद्या सगळे एका झाडावर भेटतात. राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास राहणाऱ्यांना तिथे राखी धनेशही दिसेल. मोठ्या बाकदार चोचीचा, राखाडी, घारीएवढा. मार्चमध्ये नर एकटाच फळं गोळा करून घेऊन जाताना दिसला तर समजा, मादी कुठेतरी ढोलीत स्वतःला कोंडून अंड्यांवर बसलीय आणि हा तिला फटीतून भरवतोय.

जाणाऱ्यांचीही नोंद ठेवा

पहिल्या आगमनाची तारीख सगळे लिहितात. शेवटच्या दर्शनाची कुणी लिहीत नाही, कारण पक्षी शेवटचा दिसतो तेव्हा तो शेवटचा आहे हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून थंडीच्या पाहुण्यांची नोंद रोज करावी लागते.

घराजवळ दिसणारे पाहुणे हे: गच्चीवर शेपटी वरखाली करत चालणारा धोबी. कठड्यावर बसून शेपूट थरथरवणारा थिरथिरा. आंब्यात दिसणारा पिवळाधमक, डोळ्यात काजळ घातलेला हळद्या. आणि वटवट्या, जो क्वचितच दिसतो पण झुडपातून दोन गोट्या आपटल्यासारखं 'टक्… टक्' करत राहतो. या 'टक्'चा मला फार लळा आहे. थंडीभर तो स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या तगरीतून येतो. मार्चमध्येही येतो. एप्रिलच्या मध्यावर कधीतरी पोळ्या लाटताना जाणवतं की दोन दिवस तो आवाज नाही. मग वही उघडायची आणि शेवटची खूण कुठे आहे ते बघायचं.

मुलुंड, भांडुप, ऐरोली, शिवडी अशा खाडीकाठच्या लोकांनी मार्च-एप्रिलच्या रात्री कान देऊन ऐकावं. रोहित पक्ष्यांचे थवे रात्रीच्या वेळी इमारतींवरून जातात आणि उडताना बदकांसारखा घोगरा आवाज करतात. ठाणे खाडी २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे. ते गॅलरीतले पक्षी नव्हेत, पण गॅलरीवरून जातात.

वही

साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, कुठून बघितलं, कोण दिसलं, किती होते, काय करत होते. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या वहीतल्या दोन ओळी देते:

"१९ फेब्रु., ७.०५ ते ७.२०. बुलबुल २, शेवग्यावर. एकाच्या चोचीत वाळकं गवत, सरळ वॉचमनच्या केबिनमागे गेला. तीन फेऱ्या."

"६ मार्च, ६.५०. छोटा पिवळट पक्षी, ओळखला नाही. चोच बारीक, सरळ. पंखावर पांढरा पट्टा. आंब्याच्या मोहोरात किडे शोधत होता."

दुसऱ्या ओळीतला पक्षी सुभग होता, ते मला आठवड्याने कळलं. ओळखला नाही तेव्हा 'ओळखला नाही' असंच लिहा आणि चोच, शेपटी, पंखावरचे पट्टे, बसण्याची उंची एवढं टिपा. अंदाजाने नाव लिहिलं की ती नोंद कायमची बिघडते.

वहीतल्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर घालता येतात. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात भारतातले लोक २०१३ पासून भाग घेतात. नियम एवढाच, की कुठेही किमान पंधरा मिनिटं थांबून दिसलेले पक्षी मोजायचे. पहिल्याच महिन्यात भाग घ्या. कावळे १२, चिमण्या ४ अशी यादीही तिथे मोलाची आहे.

घराजवळच्या निरीक्षणातून काय निघू शकतं याचं उदाहरण मुंबईचंच आहे. सलीम अलींची नोकरी गेली तेव्हा ते १९३० मध्ये खाडीपलीकडे किहीमला राहत होते. तिथे सुगरणींच्या घरट्यांकडे ते रोज बघत बसले. एक नर अर्धवट घरटं बांधतो, मादीला ते पसंत पडलं की तिच्यासाठी पुरं करतो आणि मग दुसरं बांधायला घेतो, हे तिथे त्यांनी टिपलं. ज्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीशी त्यांचं आयुष्य जोडलेलं होतं, ती १८८३ मध्ये इथेच स्थापन झाली आणि फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसमध्ये आजही आहे. त्यांच्या पक्षीनिरीक्षणाच्या फेऱ्यांना नवख्यांनी जरूर जावं.

दुर्बीण दुसऱ्या महिन्यात घ्या. ८×४२ किंवा ८×३२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. गॅलरीसाठी विचारायची गोष्ट ही, की ती दोन-तीन मीटरवरचं स्पष्ट दाखवते का. त्याहून जास्त पटीच्या नादी लागू नका, हात हलतो आणि काही दिसत नाही.

घरटं झालं तर

बुलबुल कुंडीतल्या झुडपात, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, पडद्याच्या दांड्यावरही वाटीसारखं घरटं करतो. अंडी आणि पिल्लं मिळून साधारण चार आठवड्यांचा मामला असतो. तेवढे दिवस कुंडी हलवू नका, घरट्याभोवतीची पानं कापू नका, मोबाइलचा फ्लॅश मारू नका. पाणी घालायचं ते रोज एकाच वेळी, चटकन. पक्ष्याला तुमची सवय होते, पण वाकून बघणाऱ्या पाहुण्यांची होत नाही. वारंवार घरट्यापाशी गेलं की कावळ्यालाही जागा कळते. घरट्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिल्लं उडून गेल्यावर टाका.

मकरसंक्रांतीचा मांजा फेब्रुवारीत झाडांत लोंबत असतो. घरटी बांधायला सुरुवात होण्याआधी माळीदादांना सांगून, लांब काठीला आकडा लावून तो उतरवून घ्या. नायलॉनचा असेल तर घार, घुबड, कावळा कुणीही त्यात अडकतं.

आता छाटणीचं. मुंबईत पावसाळ्याआधीची झाडांची छाटणी नेमकी मार्च ते मे या घरट्यांच्या दिवसांत होते. काही वर्षांपूर्वी आमच्या पांगाऱ्याची एक वाळकी फांदी 'धोकादायक' म्हणून उतरवली. त्या फांदीत तांबटाची ढोली होती, मी तिच्यावर पाच आठवडे नजर ठेवून होते. कामावरून येईपर्यंत फांदी खाली पडलेली होती आणि ढोलीत दोन पिल्लं मेलेली होती. तांबट जिवंत लाकूड फारसं कोरू शकत नाही. त्याला मऊ, वाळकीच फांदी लागते. आपल्याला जी फांदी निरुपयोगी वाटते तीच त्याचं घर.

तेव्हापासून आम्ही जानेवारीच्या सोसायटी मीटिंगमध्ये हा विषय घेतो. झाड छाटायला १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्षकायद्यानुसार परवानगी लागतेच, मुंबईत ती महापालिकेच्या उद्यान खात्याकडून मिळते. अर्ज लवकर करून छाटणी जानेवारीत उरकायची. राहिलीच तर कुऱ्हाड लावण्याआधी दोन सकाळी कुणीतरी झाडाखाली उभं राहून घरटी आणि ढोल्या बघायच्या. वाळकी फांदी रस्त्यावर किंवा पार्किंगवर येत नसेल तर तशीच ठेवायची. तुमच्या सोसायटीत हे काम तुम्ही अंगावर घ्या. रोज झाडाकडे बघणारा माणूस तुम्हीच असाल.

पिल्लू खाली पडलं तर

आधी त्याची पिसं बघा. पिसं पूर्ण आली असतील, पिल्लू टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. आईबाप जवळच असतात. त्याला उचलून जवळच्या झुडपात ठेवा, मांजर आणि लहान मुलं लांब ठेवा, आणि आत जा. उघडंनागडं पिल्लू असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, हे खरं नाही. घरटं मोडलं असेल तर भोकं पाडलेला छोटा डबा किंवा करवंटी त्याच फांदीला बांधून त्यात ठेवा आणि लांबून तासभर बघा.

दूध, पाणी, भात तोंडात घालू नका. पाणी श्वासनलिकेत जातं. जखमी असेल तर हवा खेळेल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांच्या रुग्णालयातही नेता येतं. आणि ते बरं झालं म्हणून पिंजऱ्यात ठेवून घेऊ नका. आपल्याकडचे पोपट, मुनिया वगैरे पक्षी पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

मे-जूनमध्ये वही बंद करू नका

एप्रिलच्या शेवटी उकाडा वाढला की गॅलरीत उभं राहायचा कंटाळा येतो. तरी सकाळची दहा मिनिटं चालू ठेवा, कारण फेब्रुवारीत सुरू झालेली कोकिळाची गोष्ट आता पुरी होते. कावळे एप्रिल-मेमध्ये घरटी बांधतात, तारांचे तुकडे वापरून. कोकीळ नर मुद्दाम समोर येऊन ओरडतो, कावळे त्याच्या मागे लागतात, आणि तेवढ्यात मादी अंडं घालून जाते. कावळ्यांच्या एखाद्या घरट्यावर नजर ठेवा.

मेअखेर आफ्रिकेकडून चातक यायला लागतो. अंगाने काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. त्यासाठी वहीत एक पान कोरं सोडा. आणि पावसाच्या पहिल्या सरींच्या सुमारास कठड्यावर एक मोठं, काळपट, सडसडीत पिल्लू पंख थरथरवत, तोंड उघडून घोगरं ओरडताना दिसेल. कावळा येईल आणि त्याच्या घशात चपातीचा तुकडा कोंबेल. गेल्या वर्षी आमच्याकडे ते अकरा जूनला दिसलं, सकाळी सात चाळीसला. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हा आपल्याच आंब्यावरचा दिसतोय," आणि वही स्वतःच्या हातात घेऊन त्यांनी तारीख लिहिली.